चार तलवारी, तेरा ओंडके

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

हिमगौरीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या गोष्टीतले सात बुटके आठवतात ना? सकाळी कुदळी खांद्यावर टाकून डोंगरात जायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. दिवसभर ते तिथे नेमकं काय करतात, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही. गोष्ट हिमगौरीची आणि त्या विषारी सफरचंदाची. बुटक्यांना दिवसभर घराबाहेर ठेवायचं, एवढ्यापुरतीच त्यात खाण.

आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्यात सगळा प्रकार उलटा आहे. इथेही सुरुवातीला सातच बुटके असतात. पण हिमगौरी नाही आणि सफरचंदही नाही. आहे तो डोंगर, दोन कुदळी, एक ऐरण आणि थोडा शिधा. डोंगर पोखरायचा, त्यात वस्ती करायची, धातू काढायचे, हत्यारं घडवायची आणि शत्रू आला की किल्ला लढवायचा. खेळाचं नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकी भावांनी २००२ साली तो रचायला घेतला आणि २००६ साली लोकांना फुकट खेळायला दिला. तेव्हा त्यात चित्रं नव्हती. पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी ज्या संगणकीय खेळांची निवड जाहीर केली, त्यांत हा होता. चित्रं असलेली विकतची आवृत्ती आली ती डिसेंबर २०२२ मध्ये. जुनी आजही फुकटच मिळते.

मी आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. संगणकावरच्या खेळांशी माझा संबंध एवढाच, की जेवायला हाक मारली तरी मुलं त्यांच्यापुढून उठत नाहीत. या खेळाची ओळख करून दिली ती माझ्या भाच्याने. सुट्टीत आला होता. एका संध्याकाळी खोलीतून ओरडलाच, “मामा, सोनं सापडलं!” मी जाऊन पाहिलं. त्याच्या बुटक्यांना खरोखरच सोन्याची शिरा लागली होती. पोरगा खूश. पुढच्या दोन दिवसांत किल्ल्यात सोन्याच्या खुर्च्या झाल्या आणि सोन्याचे पुतळे उभे राहिले. तिसऱ्या दिवशी शत्रूची टोळी आली. खेळात त्यांना गॉब्लिन म्हणतात. त्यांच्या अंगावर लोखंडी चिलखतं होती. आमच्या बुटक्यांकडे काय? घरून आणलेल्या कुदळी आणि तांब्याच्या दोन कुऱ्हाडी. सोन्याची तलवार घडवू म्हटलं तर खेळ ती घडवूच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. सोनं मऊ, त्याला धार टिकत नाही. अर्ध्या तासात किल्ला पडला.

भाचा हिरमुसला. म्हणाला, “एवढं खणलं मामा, पण लोखंड कुठे सापडलंच नाही.” मी त्याला कोणकोणते दगड निघाले ते विचारलं. त्याने यादी दाखवली. ग्रॅनाइट, पुन्हा ग्रॅनाइट, निळसर मायक्रोक्लाइन, कथिलाचा दगड म्हणजे कॅसिटेराइट, आणि सोनं. मी म्हटलं, “अरे, या डोंगरात लोखंड कुठून मिळणार?” त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. “तुम्ही हा खेळ कधी खेळलात?”

मी खेळलो नव्हतो. मी फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं. आणि मंडळी, त्या क्षणी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. कारण पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं ज्ञान जिथे लागू पडतं, असा खेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

खडकांचे तीन प्रकार तुम्ही शाळेत पाठ केले असतील. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. परीक्षेनंतर ते कुणाला लागत नाहीत. या खेळात मात्र त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. अग्निजन्य खडकांतही तो दोन भाग करतो. खोल जमिनीत सावकाश थंड झालेले ग्रॅनाइट, डायोराइट, गॅब्रो हे एका बाजूला. ज्वालामुखीतून बाहेर पडून थिजलेले बेसॉल्ट, अँडेसाइट, ऱ्हायोलाइट दुसऱ्या बाजूला. कोणतं खनिज कोणत्या खडकात मिळेल, याचे नियम ठरलेले आहेत. कथिलाचा दगड ग्रॅनाइटमध्ये. किंबर्लाइट गॅब्रोमध्ये आणि त्या किंबर्लाइटमध्ये हिरे. लोखंडाची खनिजं, म्हणजे हेमॅटाइट, लिमोनाइट आणि मॅग्नेटाइट, मुख्यतः स्तरित खडकांत. दगडी कोळसा आणि लिग्नाइट तर स्तरित खडकांखेरीज कुठेच नाही.

हे नियम मनाने बसवलेले नाहीत. जगातल्या लोखंडाच्या मोठ्या साठ्यांपैकी बहुतेक सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रांत थरांनी साचले. पाण्यात विरघळलेल्या लोहाला ऑक्सिजन मिळाला आणि ते तळाशी बसत गेलं. कोळसा म्हणजे दलदलीत गाडली गेलेली झाडं, तीही थराथरांनी. म्हणून दोन्ही स्तरित. महाराष्ट्राचाच नकाशा पाहा. राज्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. तो किल्ल्यांना उत्तम, पण त्यात कोळसा नाही. कोळसा मिळतो तो वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर-वणीकडे, जिथे गोंडवन काळातले स्तरित खडक आहेत. लोखंड मिळतं ते गडचिरोलीत, सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात, म्हणजे जिथे बेसॉल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत तिथे.

आता लोखंड सापडलं असं समजू. पण खरी परीक्षा पुढेच आहे. दगड आणि धातू यांच्यामध्ये काय काय येतं, हे आपण विसरून गेलो आहोत. दुकानात सुरी मिळते, तिच्यावर किंमत लिहिलेली असते. खेळात ती किंमत वेगळ्या नाण्यात द्यावी लागते. भाच्याच्या दुसऱ्या किल्ल्यात आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. पोलादाच्या चार तलवारी करायच्या तर काय लागतं?

प्रथम हेमॅटाइटचा एक दगड भट्टीत घालायचा. त्यातून लोखंडाच्या चार कांबी निघतात. त्याला कोळशाचं एक माप इंधन लागतं. मग त्यांतल्या दोन कांबींचं बीड करायचं. बीड म्हणजे तेच, आपल्या बिडाच्या तव्यातलं. त्यात कार्बन भरपूर, सुमारे चार टक्के, म्हणून कठीण पण ठिसूळ. तवा हातून पडला तर तडकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. प्रत्येक कांबीमागे चुनखडीचा एक दगड आणि कोळशाची दोन मापं. एक माप भट्टी तापवायला आणि दुसरं लोखंडात मुरवायला. नंतर बिडाची एक कांब आणि साध्या लोखंडाची एक कांब एकत्र करायची, पुन्हा चुनखडी एक आणि कोळसा दोन मापं. तेव्हा पोलादाच्या दोन कांबी होतात. असं दोनदा केलं की चार कांबी. शेवटी प्रत्येक तलवार ऐरणीवर घडवायला कोळशाचं एकेक माप.

बेरीज करा. भट्टीला एक, बिडाला चार, पोलादाला चार, घडाईला चार. एकूण तेरा मापं. दगडी कोळसा नसेल तर लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसा पाडावा लागतो, आणि खेळात एका ओंडक्याचं एक माप होतं. चार तलवारींना तेरा ओंडके! शिवाय चुनखडीचे चार दगड. या सगळ्यात लोहखनिजाचा दगड फक्त एक. आपण म्हणतो, लोखंडाची तलवार. खरं तर ती लाकडाची म्हणायला हवी.

हा हिशोबही खेळाने सौम्यच केला आहे. पारंपरिक पद्धतीने कोळसा पाडताना पाच-सहा किलो लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो. म्हणून जिथे जिथे लोखंड गाळलं गेलं, तिथली रानं उजाड होत गेली. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०९ साली कोलब्रुकडेल इथे दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड गाळून दाखवलं, त्याचं महत्त्व यात आहे. रानाच्या वाढीने लोखंडाला घातलेली मर्यादा त्याने सैल केली. खेळातही तसंच होतं. दगडी कोळशाचा एक दगड भाजला की कोकची नऊ मापं मिळतात. कोळशाची शिरा लागली त्या दिवशी भाच्याने सोन्याच्या वेळी केला नव्हता एवढा आरडाओरडा केला.

रानाची बाजू घेणारेही या खेळात आहेत. झाडांत राहणारे एल्फ नावाचे लोक आपला दूत पाठवतात आणि वर्षाला अमुक झाडांहून अधिक तोडू नका, असं बजावतात. भाच्याला सुरुवातीला ही कटकट वाटायची. तेरा ओंडक्यांचा हिशोब झाल्यावर तो दूताचं म्हणणं नीट वाचू लागला.

चुनखडी कशासाठी, असं तुम्ही विचाराल. खनिजाच्या दगडात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो. चुना त्याच्याशी एकजीव होऊन पातळ मळी तयार होते, ती वेगळी काढता येते आणि धातू स्वच्छ राहतो. खेळात हे काम चुनखडक, खडू, डोलोमाइट, कॅल्साइट आणि संगमरवर यांपैकी कुठलाही दगड करतो. यादी अचूक आहे, कारण हे सगळे मुळात चुन्याच्याच जातीचे. संगमरवर म्हणजे दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेला चुनखडकच. ज्या संगमरवराची आपण फरशी करतो, तो बुटके भट्टीत घालतात!

एके रात्री भाच्याने मला एक प्रश्न विचारला. माझ्या मते तो या सगळ्याचा गाभा आहे. बुटके खूप खोल गेले की तापलेला शिलारस लागतो. त्याच्यावर भट्टी बांधली तर इंधन लागत नाही. तो म्हणाला, “मामा, खाली एवढा जाळ आहे, तरी पोलाद करताना खेळ माझ्याकडे कोळसा का मागतो? चूक असेल ना ही?”

ती चूक नाही. कोळसा दोन कामं करतो. एक म्हणजे उष्णता देणं आणि दुसरं म्हणजे स्वतः धातूत शिरणं. शिलारस उष्णता देईल, पण कार्बन कुठून देणार? लोखंडाचं पोलाद होतं ते अंगात थोडा कार्बन मुरल्यामुळे. दोन टक्क्यांहून कमीच, पण तो नेमका हवा. म्हणून शिलारसावर आमच्या चार तलवारींना तेरांऐवजी चार मापं पुरली. पण ती चार कुणालाच चुकली नाहीत.

इथे मात्र मला खेळाची एक चूकही सांगायला हवी. शिलारसावर खनिजातून लोखंड काढताना तो कोळसा मागत नाही. प्रत्यक्षात मागायला हवा. हेमॅटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांची घट्ट जोडी. नुसत्या तापवण्याने ती सुटत नाही. कोळशाच्या धुरातला वायू ऑक्सिजन ओढून घेतो, तेव्हा लोह मोकळं होतं. भट्टीला जाळाइतकीच या वायूची गरज असते. भात्याने वारा घालणाऱ्या लोहाराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कोळशावाचून चालत नाही हे पक्कं ठाऊक होतं.

आणखी काही चुका आहेत. कांसं करताना खेळ तांबं आणि कथील सारख्या प्रमाणात घेतो. तसलं कांसं काचेसारखं फुटेल. हत्यारांच्या कांशात कथील साधारण दहावा हिस्सा असे. आपल्या कांशाच्या ताटवाट्यांतही ते पाव हिश्श्याहून कमीच असतं. जस्ताचं तर विचारूच नका. खेळात स्फॅलेराइटचा दगड भट्टीत घातला की जस्ताच्या कांबी तयार. प्रत्यक्षात जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टीत मोकळं होताच वाफ होऊन उडून जातं. ती वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती आपल्याकडे राजस्थानात, उदयपूरजवळच्या झावर इथे साधली होती. मातीच्या त्या मुशींचे ढीग आजही तिथे आहेत. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने युरोपात जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. खेळातल्या बुटक्यांना मात्र ही युक्ती न शिकताच जस्त मिळतं.

तरीही जे बरोबर आहे, ते इतकं बरोबर आहे की मला कौतुक वाटतं. २०१० सालच्या आवृत्तीपासून प्रत्येक धातूला त्याची घनता, ताकद, वितळण्याचा अंश असे गुणधर्म दिलेले आहेत. तापमानाला त्यांनी गमतीचं एकक ठेवलं आहे, ‘उरिस्ट’. बुटक्यांमधलं हे एक नेहमीचं नाव, आपल्याकडच्या गणपतरावांसारखं. पाणी १०,००० उरिस्टला गोठतं आणि १०,१८० ला उकळतं. नीट पाहिलं तर ते फॅरनहाइटच आहे, फक्त ९,९६८ मिळवलेले. शिलारस १२,००० वर, म्हणजे सुमारे १,१११ अंश सेल्सिअस. तांबं १,०८५ ला वितळतं आणि लोखंड १,५३८ ला. आता सांगा, शिलारस वर उपसण्याचा पंप कशाचा करावा? भाच्याने या आकड्यांकडे न पाहता तांब्याचा केला. पंप वितळला आणि कारखान्यात शिलारस शिरला. सहा बुटके गेले. तांब्याचा वितळणबिंदू मी वर्गात पन्नास वेळा सांगितला असेन, पण कुणी तो असा लक्षात ठेवला नसेल.

चांदीचंही तसंच. तिला धार धरत नाही, म्हणून तलवारीला ती निरुपयोगी. पण तिची घनता लोखंडापेक्षा बरीच जास्त, एका घनमीटरला १०,४९० किलो, तर लोखंड ७,८५०. म्हणून चांदीचा घण चिलखतावर जबर बसतो. हे कुणी नियम म्हणून लिहिलेलं नाही. वजन आणि वेग यांच्या हिशोबातून ते आपोआप निघतं.

बुटके आणि खनिजं यांचं नातं खेळाहून फार जुनं आहे. उत्तर युरोपच्या पुराणकथांत देवांची शस्त्रं बुटकेच घडवतात. जर्मनीतल्या खाणकामगारांना एक दगड सापडे, चांदीच्या खनिजासारखा दिसणारा. भट्टीत घातला की चांदी नाही, विषारी धूर. कामगार म्हणत, कोबोल्ड नावाच्या खोडकर भुताने चांदी पळवली. जॉर्ज ब्रँड्ट या स्वीडिश रसायनज्ञाने १७३५ च्या सुमारास त्या प्रकारच्या दगडांतून नवा धातू ओळखला आणि त्याला त्या भुताचंच नाव राहिलं, कोबाल्ट. खेळात कोबाल्टाइटचा दगड सापडतो, पण त्यातून काहीही निघत नाही. रचणाऱ्यांच्या मनात काय होतं ते असो, पण बुटक्यांच्या काळाला हे शोभतं. ज्याची विद्या नाही, ते हातात असूनही नुसता दगडच.

मला वाटतं, या खेळाने जे शिकवलं ते एवढंच. धातू जमिनीत नसतो. जमिनीत दगड असतो. दगडाचा धातू होतो तो रान, चुना, जाळ आणि माणसाची विद्या एकत्र आल्यावर. यातलं एक जरी कमी पडलं तरी सोन्याच्या खुर्चीवर बसून किल्ला पडताना पाहावं लागतं. खेळाच्या हिशोबात पोलादाच्या कांबीचं मोल सोन्याच्या कांबीइतकंच धरलेलं आहे. पहिल्या किल्ल्याच्या वेळी भाच्याला हे वेडगळ वाटलं होतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्याने तिसरा डोंगर निवडायला घेतला. मुक्काम टाकण्यापूर्वी खेळ त्या जागेची थोडी माहिती देतो. जमिनीखाली धातू आहेत का, चुनखडीच्या जातीचा दगड आहे का. एका जागी सोनं मिळण्याची आशा होती, पण चुनखडी नव्हती. त्याने ती जागा सोडली. दुसरी जागा ओसाड, ना सोनं ना हिरे, दिसायलाही रुक्ष. पण स्तरित खडक, चुनखडी आणि कडेला दाट रान. त्याने तिथे सात बुटके उतरवले.

मी विचारलं, “पहिलं काम काय?”

“झाडं मोजायचं,” तो म्हणाला.